मधला

आम्ही तिघे. थोरला ओत्तोरिनो, मग हा फिओरेन्झो,
आणि शेंडेफळ मी.
कोमाक्कियोत मधल्याला थोरल्याचे बूट मिळायचे
आणि धाकट्यासाठी ते जपून वापरायचे असायचे.
त्याने जपले नाहीत.
कालव्याच्या भिंतीवर चेंडू मारून मारून
उजव्या बुटाचा चवडा असा फाडला
की दुसरीचं अख्खं वर्ष मी
एका पायात बूट, एका पायात रबरी गमबूट घालून काढलं.
हे मी त्याला अजून ऐकवतो.

वडील वामी धरायचे.
नोव्हेंबरातल्या काळ्या रात्री, खाजणात वारा उलटला की
होडी काढायची. कंदील विझवायचा.
"वाम दिसत नसते," ते म्हणायचे,
"पाण्याला कुठे जायचंय ते बघायचं."
फिओरेन्झो जाळ्यांच्या ढिगावर घोरत पडलेला.
आम्हाला वाटे, ह्याच्या कानात काही शिरत नाही.

चौदाव्या वर्षी फेर्रारात निवड होती.
कोणीतरी वहीतून मान वर न काढता विचारलं, कुठे खेळतोस?
मध्ये.
मध्ये म्हणजे कुठे?
जिथे कोणी नसतं तिथे.

मग सतरा मोसम, सात शहरं.
तेर्नी, पिस्तोइया, कातान्झारो, बाकीची आईला पाठ होती,
कारण ती टीव्हीवर फुटबॉल बघायची नाही,
फक्त हवामान बघायची, तो असेल त्या गावाचं.
चारशे बारा सामने, सहा गोल.
त्यातला एक स्वतःच्याच जाळ्यात.
आई तोही धरायची.

सोमवारचा पेपर खेळाडूंना दहापैकी गुण देतो.
ह्याला सहा. पावसात सहा, उन्हात सहा,
जिंकले तरी सहा.
शाळेतही सहाच असायचे, तेव्हा वडिलांचा पट्टा निघायचा.
आता ते कात्रण कापून पाकिटात ठेवायचे,
मासळीबाजारात पैसे काढताना मुद्दाम खाली पाडायचे.

ब श्रेणीतल्याला अर्धंच स्टिकर मिळतं,
एका चौकोनात दोघे, लग्नाच्या फोटोसारखे.
ह्याच्या शेजारी कुणी एक गोलरक्षक, दाट मिशीवाला.
आईने कात्री घेऊन तो कापून काढला.
नंतर तिला वाईट वाटलं.
त्याच्याही आईने आपला कापला असेल, म्हणाली,
आणि मिशीवाल्याला देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवलं.

अ श्रेणीत एकदाच. एकोणीस मिनिटं.
मिलानमध्ये, डिसेंबरात, असं धुकं
की टीव्हीवर नुसतं दूध.
समालोचक तीनदा त्याला दुसऱ्याच नावाने बोलावत होता.
आम्ही पडद्याला नाक लावून बसलो. कोणीच दिसेना.
वडील मागे खुर्चीत, सिगरेट विझलेली.
"माणसं कशाला बघता? चेंडू कुठे वळतोय बघा," म्हणाले.
"तो बघ. आत्ता. तो बघ पुन्हा."
त्यांना खरंच दिसत होता की नाही,
मी कधी विचारलं नाही.

कातान्झारोहून तो मोडका गुडघा
आणि इम्माकोलाताला घेऊन परतला.
आता डब्यांच्या कारखान्याची व्हॅन चालवतो.
डब्यांवर आमच्या गावाचं चित्र, आतल्या वामी बऱ्याचदा परदेशी.
शनिवारी पोरांच्या मैदानावर चुन्याने रेषा आखतो,
मधलं वर्तुळ दोरी न लावता.
जरा लंबगोलच येतं.
स्वयंपाकघरात मात्र तो उभा असेल तिथून
ताटं आपोआप टेबलावर पोचतात,
कोणी कोणाला धडकत नाही.

वडील गेले तेव्हा पेटी आम्ही उचलली.
पुढे ओत्तोरिनो, मागे मी, मध्ये तो,
पलीकडे तीन चुलत भाऊ.
पण तो आमच्यात बुटका. पेटी त्याच्या खांद्याला टेकेचना,
बोटभर हवा मध्ये.
कोणीतरी म्हणालं, तू राहू दे, गुडघा आहे तुझा.
त्याने खिशातून वडिलांची लोकरी टोपी काढली,
दोनदा दुमडली, खांद्यावर ठेवली,
आणि माझ्या बाजूचं वजन हलकं झालं.

पूल चढताना मी खाली बघत होतो.
त्याच्या पायात काळे, घट्ट, पॉलिश केलेले,
ओत्तोरिनोचेच बूट होते.
परत दिलेत की नाही, कुणास ठाऊक.